बटण धुळ्यात, पाणी यावलला

आमच्या आबांच्या कोपरीच्या खिशात दोन वस्तू कायम असत. एक तंबाखूची चंची आणि दुसरे विजेचे वेळापत्रक. हे वेळापत्रक कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने लिहिलेले असे. कोणत्या वारी वीज दिवसा, कोणत्या वारी रात्री, किती वाजता येणार, किती वाजता जाणार, सारे त्यात. घरात पंचांग हरवले तर आई शेजारून मागून आणी. पण आबांचा तो कागद हरवला की घरात कुणाला जेवण गोड लागत नसे.

शहरात राहणाऱ्या वाचकांना हे थोडे समजावून सांगायला हवे. आपल्याकडे बटण दाबले की दिवा लागतो आणि आपण त्याचा विचारही करीत नाही. शेतीच्या मोटारीचे तसे नाही. तिला तीन फेजची वीज लागते आणि ती ठरावीक तासांपुरतीच मिळते. मी सांगतो आहे त्या २०१७-१८ च्या सुमाराला ती पाळीपाळीने मिळे : काही दिवस दिवसाचे आठ तास, तर काही दिवस रात्रीचे आठ-दहा तास. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या यावल तालुक्यातल्या शिवारातून स्वच्छ हवेत दिसतात. ती दाखवून आबा म्हणत, "वीज तिथं तयार होते, अन् आपल्याकडं यायला तिला रात्रीचे साडेबारा वाजतात!"

आणि केळी तर थांबत नाही. जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. पण त्या मानांकनामागे पाण्याचे काय गणित आहे ते ज्याच्या शेतात केळी आहे त्यालाच ठाऊक. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा वेळी एका खोडाला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. ऐन निसवणीच्या वेळी चार दिवस पाणी चुकले, तर घड पोसत नाही. मग वर्षभर केलेला खर्च आणि कष्ट त्या खोडातच राहतात. म्हणून वीज रात्री साडेबाराला येणार असेल तर शेतकऱ्याने साडेबाराला विहिरीवर हजर असले पाहिजे. थंडी असो, पाऊस असो, वाटेत साप असो. अलीकडे तर बिबट्याच्याही वार्ता कानावर येतात.

मी स्वतः या साऱ्यातून सुटलेला माणूस. धुळ्याच्या एका शाळेत मी बावीस वर्षे विज्ञान शिकवीत होतो. शेती थोरल्या भाऊंकडे आणि आबांकडे. भाऊंना पाठीच्या मणक्याचे दुखणे जडले, तेव्हापासून रात्रीची पाळी पुन्हा आबांवर आली. आबांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. "सालदाराला पाठवा," असे मी दर सुट्टीत सांगत असे. पण सालदार दिवसभर राबलेला असे, त्याला पुन्हा मध्यरात्री उठवणे आबांना बरे वाटत नसे. आणि खरे सांगायचे तर त्यांना दुसऱ्या कुणाचा भरवसाही नव्हता.

२०१८ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, आबा रात्री विहिरीवरून येताना चारीत घसरून पडले. डावा हात मनगटात मोडला. नंतर हिशेब केला तेव्हा कळले की ते जातानाच पडले होते, येताना नव्हे. पडल्यावर ते उठले, मोडका हात उपरण्यात बांधला, विहिरीवर जाऊन उजव्या हाताने मोटार सुरू केली, पाणी बागेत पोचले की नाही ते पाहिले आणि मग घरी आले. आईने विचारले, "आधी घरी का नाही आलात?" तर म्हणाले, "आलो असतो तर तुम्ही परत जाऊ दिलं असतं का?"

मी त्या आठवड्यात गावी गेलो. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा एसटीचा प्रवास. वाटेत सारखे मनात येत होते, की आपण मुलांना विद्युतचुंबक शिकवतो, बिनतारी संदेश शिकवतो आणि आपला बाप अंधारात एक हिरवे बटण दाबायला दोन किलोमीटर चालतो!

तसे पाहिले तर ही कल्पना माझी नव्हती. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे यंत्र तयार केले होते. मोबाइल फोनवरून शेतातली मोटार चालू-बंद करण्याचे. त्याला २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले, तेव्हा मी ती बातमी शाळेच्या फलकावर लावली होती. फलकावर लावली आणि विसरलो. पुढे असली यंत्रे अनेकांनी काढली आणि खेड्यापाड्यांत 'मोबाइल स्टार्टर' हा शब्द 'ट्रॅक्टर' इतका सवयीचा झाला. आमच्याच घरी तो आला नव्हता, कारण भाऊ म्हणत आबांना आवडणार नाही, आणि आबा म्हणत भाऊला झेपणार नाही.

धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका दुकानातून मी तो डबा विकत घेतला. आकाराने शाळेच्या दप्तरापेक्षा लहान. दुकानदाराने अर्ध्या तासात सारे समजावून दिले आणि मला ते लगेच समजले. समजण्यात काही विशेष नव्हते, बसवण्यातच गंमत होती.

पाणी उपसणारी मोटार ज्या स्टार्टरने चालते त्यावर दोन बटणे असतात, हिरवे आणि लाल. हिरवे दाबले की आतले चुंबक ओढले जाते, तिन्ही फेजचे संपर्क जुळतात आणि मोटार फिरू लागते. लाल दाबले की चुंबक सुटते. नव्या डब्याला एवढेच करायचे असते, की हिरव्या बटणाला समांतर आपली एक तार जोडून त्याच्याऐवजी आपण क्षणभर संपर्क द्यायचा, आणि लाल बटणाच्या ओळीत दुसरी तार घालून हवा तेव्हा तो तोडायचा. म्हणजे डबा मोटार चालवीत नाही, तो फक्त आबांचे बोट होतो. डब्यात एक सिमकार्ड असते. त्या क्रमांकावर आपण फोन लावला की डबा तो आपणहून उचलतो, आणि एक दाबले की मोटार चालू, दुसरा आकडा दाबला की बंद. एका फेजच्या तारेभोवती एक कडे घालतात; मोटार किती वीज ओढते ते त्या कड्यावरून कळते. विहिरीत पाणी नसले आणि मोटार कोरडी फिरू लागली की ती वीज कमी ओढते. डबा ते ओळखतो आणि मोटार बंद करतो. तीनांपैकी एक फेज गेला तरी बंद करतो, नाहीतर मोटार जळते आणि गुंडाळायला जळगावला न्यावी लागते. आत एक लहानशी बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी 'वीज गेली' असे कळवण्याइतकी शुद्ध त्याला राहते.

हे सारे मी वायरमनला फळ्यावर शिकवावे तसे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, रेंज कुठंय?"

रेंज नव्हती. मोटारीची खोली पत्र्याची. पत्र्याच्या पेटीत मोबाइल मुका होतो, हे मी नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगत होतो. माझ्या लक्षात मात्र आले नाही. पुतण्याने फोन हातात धरून विहिरीभोवती प्रदक्षिणा घातल्या, शेवटी कडुनिंबावर चढला आणि तिथून ओरडला, "काका, इथं तीन काड्या!" मग पंधरा फूट तार आणून डब्याचा अँटेना कडुनिंबाच्या फांदीला बांधला. कोणत्या कंपनीचे सिमकार्ड घालावे यावरही तासभर खल झाला, कारण तो डबा जुन्या दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर चालणारा, आणि सगळ्याच कंपन्यांचे ते जाळे नाही.

दुपारी तीन वाजता मी बांधावर उभा राहून पहिला फोन लावला. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला, "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा." मी एक दाबले. विहिरीतून ओळखीची घरघर ऐकू आली आणि फिल्टरचा काटा वर चढू लागला. आई तोंडाला पदर लावून पाहत होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "ही बाई कोण? अन् ती रात्रभर तिथं बसणार का?"

१८९८ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक लहान बोट सोडली आणि तारेवाचून, दुरून ती हवी तशी वळवून दाखवली. पाहणारे थक्क झाले होते. एकशे वीस वर्षांनी यावल तालुक्यात आमच्या आईने जो प्रश्न विचारला तो मला त्या न्यूयॉर्कच्या मंडळींच्या आश्चर्याहून फारसा निराळा वाटला नाही. आबा मात्र काहीच बोलले नाहीत. गळ्यात अडकवलेला मोडका हात सावरीत ते विहिरीच्या काठाशी गेले, आत वाकून पाहिले आणि परत आले. ते का वाकले, हे मी तेव्हा विचारले नाही.

पुढचे काही महिने आमच्या घरात सुखाचे गेले. रात्री साडेबाराला आबा अंथरुणातच उठून बसत. भाऊ फोन लावीत, बाई बोले, आणि दोघेही पुन्हा आडवे होत. मलाही डब्याने आपला मानला होता. ज्यांचे क्रमांक आत नोंदवलेले असतात त्यांचेच तो ऐकतो, आणि त्यांत भाऊ, पुतण्या आणि मी असे तिघे होतो. धुळ्याला स्टाफरूममध्ये बसून मी यावलची मोटार सुरू करी आणि सहकाऱ्यांना ऐकवी. हा नाद वाईट होता. पण तेव्हा तो कौतुकाचा वाटत होता.

अडचणी येत, पण त्या हसण्यासारख्या. मोटारीला फोन येऊ लागले. कुणी तिला कर्ज देऊ करी, कुणी विमा. नोंद नसलेल्या क्रमांकाला डबा दाद देत नसे; पण तेवढा वेळ तो गुंतलेला राही आणि आमचा फोन लागत नसे. भाऊ म्हणत, "सोसायटी मला कर्ज देईना, अन् मोटारीच्या मागं लागलेत!" एकदा सिमकार्डची मुदत संपली, कारण त्यावरून कुणी बोलतच नसल्यामुळे पैसे भरायची आठवण कुणाला राहिली नव्हती. मोटारीचा रिचार्ज तेव्हापासून वहिनी घराच्या किराण्याच्या यादीत लिहितात.

एक गोष्ट मात्र पुरेशी हसण्यासारखी नव्हती. एका रात्री मुख्य पाइप जोडाजवळ फुटला. डबा म्हणत होता, मोटर चालू आहे; आणि ते अगदी खरे होते. मोटार चालू होती, पाणीही उपसले जात होते, फक्त ते आमच्या केळीत न जाता शेजारच्यांच्या मोकळ्या रानात जात होते. सकाळी आबा जाऊन पाहतात तो आमची बाग कोरडी आणि शेजारी तळे. मला फोनवर म्हणाले, "तुझ्या बाईला मोटार दिसते. पाणी दिसत नाही."

आणखी एक मोह आम्ही टाळला. या यंत्रांत अशीही सोय असते की वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी. फोनचीही गरज नाही. आमच्या शिवारात पुष्कळांनी ती लावली होती. पण वीज येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की तो भार डीपीला सोसत नाही. सुरू होताना मोटार एरवीच्या कितीतरी पट वीज ओढते. डीपी जळली की आठ-आठ दिवस सर्वांचेच पाणी बंद. ऑटो-स्विच लावू नका, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण नेहमी करीत असते ते याचसाठी. आबांनी हे ऐकल्यावर आमची ती सोय बंदच ठेवायला लावली. "आपण उशिरा सुरू करू," म्हणाले, "सगळ्यांच्या आधी पळून कुठं जायचंय?"

माझ्या आजीचे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठचे. तिथे जुनी फड पद्धत होती : नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटावर सगळ्या गावाने नेमलेला पाटकरी. कोणाला केव्हा किती पाणी, हे तो सांगे आणि ते सगळे ऐकत. आबांनी लहानपणी ते पाहिलेले. पाणी ही एकट्याची गोष्ट नाही, हे त्यांच्या मनात तिथूनच रुजले असावे. त्याच पांझरेवर दातर्तीला, नदीच्या पात्राखालून पाणी नेणारा सायफन विश्वेश्वरय्यांनी बांधला. १८८४ साली नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या काळात ते धुळ्यालाच होते. पुढे खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली त्यांनी बसवलेले दरवाजे तर पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की माणसाच्या हाताशिवाय उघडत. हे मी वर्गात नेहमी अभिमानाने सांगतो. धुळ्यात राहून विश्वेश्वरय्यांचे नाव न घेणारा विज्ञानशिक्षक मी पाहिलेला नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

२०१८ चा पावसाळा कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि आठवड्याभरात दिवाळी आली. कांदेबागेची नवी लागवड जमिनीत होती, तिला पाणी हवे होते. म्हणून भाऊ आणि वहिनी आमच्याकडे धुळ्याला आले नाहीत. भाऊबीजेला सौभाग्यवतीचे बंधू पुण्याहून आले. फराळ झाला, चहा झाला, गप्पा शेतीवर आल्या. मेहुण्यांना माझ्या डब्याविषयी कुतूहल. मी म्हटले, "आत्ता दाखवतो." त्या दिवशी वीज दिवसाची होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी फोन लावला, सर्वांना ऐकू जावे म्हणून आवाज मोठा केला. बाई बोलली. मी एक दाबले. "मोटर चालू झाली आहे." मेहुण्यांनी टाळी वाजवली. मुलांनी पुन्हा दाखवा म्हणून हट्ट धरला.

दोन मिनिटेही झाली नसतील. पुतण्याचा फोन आला. तो बोलत नव्हता, ओरडत होता, "काका, तुम्ही चालू केली का? तुम्ही चालू केली का?"

आमची विहीर जुनी, रुंद. पाणी खोल गेले तशी आबांनी मोटार विहिरीतच, चाळीस फुटांवर बांधलेल्या ओट्यावर उतरवली होती. मोटार एका बाजूला, पंप दुसऱ्या बाजूला, मध्ये कपलिंग. स्टार्टर आणि माझा डबा वर, पत्र्याच्या खोलीत. त्या सकाळी पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळत होते, म्हणून सालदार दोरी भरायला खाली उतरला होता. भाऊंनी वर लाल बटण दाबून मोटार बंद केली होती आणि ते दुसरी दोरी आणायला घरी गेले होते. किटकॅट फ्यूज काढलेले नव्हते. मोटार बंद आहे, म्हणजे बंद आहे! बटण दाबायला वर कुणी नव्हतेच. मी धुळ्यात होतो.

फिरत्या दांड्यात आधी त्याच्या खांद्यावरचा रुमाल गेला. त्याने मान काढून घेतली, म्हणून मी आज हे लिहू शकतो. हात मात्र ओढला गेला. उजव्या हाताची दोन बोटे चेपली. पुतण्या बांधावर होता. किंकाळी ऐकून तो धावला आणि त्याने किटकॅट ओढून काढले. नंतर चाळीस फुटांवरून, एका हाताने लोखंडी कड्या धरीत सालदार वर आला. खालून कुणी त्याला आधार देण्यासारखे नव्हतेच.

मी दुपारी निघालो आणि संध्याकाळी जळगावच्या दवाखान्यात पोचलो. एक बोट वाचले. दुसऱ्याचे वरचे पेर काढावे लागले. त्याची बायको बाकावर बसली होती, मांडीवर लहान मूल. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि मला एकही वाक्य सुचले नाही. मी वर्गात पंचेचाळीस मिनिटे अखंड बोलतो. ती म्हणाली, "तुम्ही कशाला आलात मास्तर, सणाच्या दिवशी?" हे तिने टोचून म्हटले की साधेपणाने, हे मला अजून कळलेले नाही.

दवाखान्याचा खर्च आम्ही केला, आणि कामावर येईपर्यंतचा त्याचा पगारही दिला. त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. भाऊ स्वतःला दोष देत राहिले की फ्यूज मी काढले नाहीत. मी म्हणत राहिलो की बटण मी दाबले. रात्री ओसरीवर आम्ही दोघे भाऊ असे एकमेकांची चूक आपल्याकडे ओढीत बसलो होतो, तेव्हा आबा आतून आले आणि शेजारी बसले. बराच वेळ तंबाखू मळीत राहिले. मग म्हणाले, "मी हिरवं बटण दाबायच्या आधी काय करायचो, पाहिलं होतं का कधी?"

आम्ही दोघांनीही पाहिले होते आणि दोघांच्याही ते लक्षात नव्हते. आबा आधी विहिरीच्या काठाशी जात, आत वाकत आणि हाक मारीत, "कोणी आहे का रे आत?" रात्री साडेबारालाही मारीत. आत कुणी असण्याचा संभव नसे, तरी मारीत. लहानपणी आम्हांला त्याचे हसू येई. विहिरीतून आमच्या आबांचाच आवाज परत येई आणि मग ते बटण दाबीत. डबा बसवला त्या दुपारी ते काठाशी जाऊन का वाकले होते, ते मला दहा महिन्यांनी समजले.

मी दुसऱ्या दिवशी डबा काढून टाकायला निघालो होतो. आबांनीच अडवले. "काढून काय करतो? रात्री पुन्हा मी जाऊ?" त्यांना चालायचा कंटाळा नव्हता, पण जानेवारीतला तो हात त्यांचा त्यांना ठाऊक होता. "त्याला हाक मारायला शिकव," म्हणाले.

वायरमनला बोलावले. त्याने हे ऐकून मान हलवली आणि म्हणाला, हे तर पहिल्याच दिवशी करायचे होते, मास्तर, पण तुम्ही इतके बोलत होतात! डबा आणि स्टार्टर यांच्यामध्ये त्याने एक वेळ मोजणारे साधन बसवले आणि विहिरीच्या तोंडाशी एक भोंगा, आत तोंड करून. आता आम्ही एक दाबले की आधी भोंगा वाजतो, पूर्ण एक मिनिट. मग मोटार सुरू होते. शिवाय ओट्यावर, मोटारीच्या शेजारी, एक लाल बटण आले. खाली उतरलेल्या माणसाने ते दाबून कुलूप केले की वरून ब्रह्मदेवाने फोन केला तरी मोटार फिरत नाही. सगळ्याचा खर्च डब्याच्या किमतीच्या निम्माही झाला नाही. आणि माझा क्रमांक मी डब्यातून काढायला लावला. पुतण्या म्हणाला, राहू द्या काका, अडीअडचणीला उपयोगी पडेल. मी म्हटले, अडीअडचणीला तू मला फोन कर, मी मोटारीला करणार नाही.

जे वाचक शहरात राहून गावच्या मोटारी चालवतात (आणि आता पुण्या-मुंबईला, अहो अमेरिकेलासुद्धा असे पुष्कळ आहेत), त्यांनी आपल्या विहिरीवर भोंगा आहे की नाही हे या दिवाळीला जाऊन पाहावे. आणि विहिरीत किंवा स्टार्टरला हात घालणाऱ्याने आधी तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्याच खिशात ठेवावेत, दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत.

सालदारकीचे साल आमच्याकडे आखाजीला संपते. २०१९ च्या आखाजीला तो पुन्हा ठरायला येईल याची आम्हांला आशा नव्हती. भाऊंनी दुसरीकडे विचारूनही ठेवले होते. तो सकाळीच आला. घरी मांडे चालले होते. वहिनींनी त्याला पाट मांडून जेवायला बसवले, आणि पुरणाचा मांडा तो डाव्या हाताने मोडताना मी पाहिला. जेवण झाल्यावर भाऊंनी सालाचा आकडा सांगितला. तो त्याने मान्य केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, एक बोली माझी. विहिरीवरचे किटकॅट माझ्याकडं राहतील. रात्रीची मोटार लावायची असली तर सांजच्याला मी बसवून देत जाईन, सकाळी काढून नेत जाईन."

आबा म्हणाले, "ठरलं."

तेव्हापासून ते तिन्ही किटकॅट त्याच्या खोपटात देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला एका पिशवीत असतात. मध्ये एकदा, ती पिशवी धुण्यात गेली म्हणून आमची मोटार दोन तास उशिरा सुरू झाली. भाऊंनी मला फोन करून तक्रार केली. मी म्हटले, होऊ द्या.